कुणीतरी वाट पाहत असावं

निवृत्त माणसाला भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, ‘आता वेळ कसा जातो?’ मग तोही यादी सांगू लागतो: सकाळचं फिरणं, वर्तमानपत्र, शब्दकोडं, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, दुपारची झोप, संध्याकाळचा कट्टा. यात वाईट काहीच नाही. पण वेळ कसाही जातो. त्याला घालवायला आपली गरज नसते. खरी अडचण दुसरीच आहे. तीस-पस्तीस वर्षं रोज सकाळी कुठंतरी आपल्यावाचून काहीतरी अडत होतं. फाइल अडत होती, वर्ग अडत होता, मशीन अडत होतं, दुकानाचं शटर अडत होतं. निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी कळतं, की आता काहीच अडत नाही. शाल-श्रीफळ कपाटात जातं आणि हे कळणं मात्र मनात घर करून बसतं.

म्हणून साठी ओलांडलेल्या किंवा तिच्या जवळ आलेल्या वाचकांना माझं पहिलं सांगणं असं, की छंद शोधण्याआधी एक जागा शोधा. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी तुम्ही तिथं गेला नाहीत, तर ‘आज काका आले नाहीत का?’ असं कुणीतरी विचारेल अशी जागा. आठवड्यातून एक दिवस, दोन तास पुरतात. छंद आपल्यापुरता असतो आणि कंटाळा आला की बाजूला ठेवता येतो. उतारवयात कंटाळा लवकर येतो. गुडघे ठणकत असतात, बाहेर पाऊस असतो, रात्री झोप लागलेली नसते. अशा सकाळी छंद आपल्याला अंथरुणातून उठवेलच असं नाही. कुणाला शब्द दिलेला असला, तर माणूस उठतो, दाढी करतो, धुतलेला सदरा घालतो आणि बाहेर पडतो. त्या उठण्यातच अर्धं औषध असतं.

महर्षी कर्व्यांचं नाव आपण शाळेपासून ऐकत आलो, पण त्यांच्या उतारवयाकडे आपलं फारसं लक्ष गेलेलं नसतं. फर्ग्युसन महाविद्यालयातली प्राध्यापकी त्यांनी १९१४ मध्ये सोडली. महिला विद्यापीठ काढलं १९१६ मध्ये, म्हणजे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. आज त्या वयात आपण ग्रॅच्युइटीचे हिशेब मांडत असतो. १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, विद्यापीठाचं काम सांगायला आणि मदत मिळवायला ते परदेशी निघाले. युरोप, अमेरिका, पुढे आफ्रिका असे फिरले. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती तिथं प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापन केलं. १९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ काढला. १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं, आणि १९६२ मध्ये १०४ वर्षांचे होऊन ते गेले.

एवढं दीर्घ आयुष्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, आणि ते मागून मिळतही नाही. मला त्यांच्यातली दुसरी गोष्ट घेण्यासारखी वाटते. विद्यापीठ उभं करून झाल्यावर हा माणूस खेड्यातल्या पाटी-पेन्सिलीच्या शाळेकडे वळला. मानाच्या हिशेबानं पाहिलं तर ही पायरी उतरणं झालं. कर्व्यांनी तो हिशेब केलाच नाही. निवृत्त माणसांना नेमकं हेच जड जातं. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्यांना वाचनालयात पुस्तकांना कव्हर घालायला सांगितलं तर कमीपणा वाटतो. अधिकारी म्हणून निवृत्त झालेले लोक संस्थेत शिरतात ते अध्यक्षपदाच्या वाटेनं, आणि मग निवडणुका, गट, रुसवे यांत वर्षं जातात. माझा स्पष्ट सल्ला आहे, की पहिली दोन वर्षं कुठलंही पद घेऊ नका. काम घ्या. जुन्या हुद्द्याचा उल्लेखही करू नका. तुम्ही कोण होता हे लोकांना आपोआप कळतं. तुम्ही आता काय करता, हे मात्र हातानं दाखवावं लागतं.

काम निवडायचं कसं? ‘मला काय आवडतं’ या प्रश्नानं सुरुवात केली तर बहुतेकांची गाडी अडते, कारण आवडीनिवडीचा विचार करायला आयुष्यभर सवड मिळालेली नसते. त्याऐवजी आठवून पाहा, की लोक तुमच्याकडे काय विचारायला यायचे. कुणाकडे अर्ज लिहून घ्यायला यायचे, कुणाकडे भांडण मिटवायला, कुणाकडे पंखा दुरुस्त करून घ्यायला, कुणाकडे लग्नातल्या पाचशे पानांच्या स्वयंपाकाचा अंदाज विचारायला. लोकांनी न सांगता तुम्हाला दिलेली ही ओळख असते आणि ती सहसा चुकत नाही. मग त्या कौशल्याची गरज घरापासून चालत किंवा एका बसच्या अंतरावर कुठं आहे, ते पाहा. अंतराचा मुद्दा साधा वाटतो, पण दोन बस बदलून जायचं काम पावसाळ्यात सुटतं आणि सुटलेलं काम पुन्हा धरणं अवघड जातं. एसटीनं जायचं असेल तर खर्चाची अडचण आता बरीच कमी झाली आहे. ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना राज्यात अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढे प्रवास मोफत आहे आणि २०२३ पासून सर्वच वयाच्या स्त्रियांना अर्धं तिकीट आहे.

एक काम मी अगदी आग्रहानं सुचवते, कारण त्याची गरज खरी आहे आणि ते करणारे हात फार थोडे आहेत. ते म्हणजे मोडी वाचणं. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राचा कारभार मोडीत चालला. सरकारी पुराभिलेखागारांत, संस्थानांच्या दप्तरांत, देवस्थानांत, जुन्या घरांच्या माळ्यावर मोडी कागद लाखोंनी पडून आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणारी माणसं किती कमी उरली आहेत हे गावोगावच्या कचेऱ्यांना कळलं. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही ही लिपी शिकवली जाते. मुळाक्षरं काही आठवड्यांत येतात. पण खरा कागद समोर आला की कसोटी लागते. आधी ओळ आखून तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत गेलेली असतात, दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं आणि फारसी शब्दांची गर्दी. इथं सवड आणि चिकाटी लागते, आणि निवृत्त माणसाकडे दोन्ही असतात. त्यातही तलाठी, भूमी अभिलेख, नोंदणी खातं किंवा न्यायालयात नोकरी केलेल्यांना सारा, इनाम, वहिवाट, गहाणखत हे शब्द पाठ असतात. तरुण विद्यार्थी अक्षर ओळखतो आणि अर्थाशी अडतो. जुना कारकून अर्थाच्या आधारानं अक्षर ओळखतो. असे दोघं शेजारी बसले तर कागद उलगडतो. उतारवयातल्या कामात आपल्यापेक्षा तीस-चाळीस वर्षांनी लहान कुणीतरी सोबत असावं असं मला वाटतं, आणि इथं ते आपोआप जुळून येतं.

ज्यांचा आवाज चांगला आहे त्यांनी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करावीत. अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थांना मराठी पाठ्यपुस्तकं आणि संदर्भग्रंथ वाचून देणारी माणसं नेहमी हवी असतात. मोबाइल आणि खिडक्या बंद केलेली खोली एवढी सामग्री पुरते. नाटकी वाचू नका, पान क्रमांक सांगा, तक्ता किंवा आकृती आली तर ती शब्दांत समजावून द्या. परीक्षा तोंडावर आलेली मुलगी पुढच्या प्रकरणासाठी खोळंबलेली असते, तेव्हा ‘आज मूड नाही’ हे वाक्य तोंडातून निघत नाही.

ऐकून घेणं हेही काम आहे. झिंबाब्वेची राजधानी हरारे इथं मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ च्या सुमारास चौदा आज्यांना हाताशी धरून एक उपक्रम सुरू केला. त्या देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके होते. म्हणून वस्तीतल्या या वयस्कर बायकांना समस्या ऐकण्याचं आणि उकलण्याचं प्रशिक्षण दिलं आणि दवाखान्याच्या आवारातल्या लाकडी बाकावर त्यांना बसवलं. खचलेली माणसं त्या बाकावर येऊन बसू लागली. २०१६ मध्ये त्यावरचा अभ्यास नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि बाकावर येणाऱ्यांच्या नैराश्याची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झालेली दिसली. आपल्याकडच्या प्रत्येक गल्लीत अशी एक मावशी किंवा आजी असते, जिच्यापाशी सगळ्या सुना मन मोकळं करतात. तिच्याकडे हे अंगचंच कौशल्य आहे. थोडं प्रशिक्षण आणि ठरलेली जागा मिळाली तर तिचा उपयोग घराबाहेरही होईल. ज्येष्ठ नागरिक संघांनी सहलींच्या जोडीनं हे मनावर घ्यावं.

बायकांचा विषय निघालाच आहे तर तो नीट बोलायला हवा. निवृत्तीवरचं बहुतेक लेखन नोकरदार पुरुषाला डोळ्यांपुढे ठेवून होतं. घर सांभाळणारी बाई निवृत्त होतच नाही. साठीनंतर तिला आधी नवऱ्याचं चोवीस तास घरात असणं सांभाळावं लागतं आणि मग नातवंडं. नातवंडांची माया खरी असते. पण दोन वर्षांच्या मुलाला सकाळी आठ ते संध्याकाळी सात सांभाळणं हे कष्टाचं काम आहे, आणि पासष्ट वर्षांच्या पाठीला ते झेपेलच असं नाही. ‘आईला तेवढाच विरंगुळा’ असं म्हणून ते गृहीत धरलं जातं. आजीनं, आणि आजोबांनीही, मुलगा-सुनेशी किंवा लेक-जावयाशी आधीच बोलून तास ठरवून घ्यावेत. आठवड्यातला एक दिवस आपला म्हणून राखून ठेवावा आणि त्या दिवशी पाळणाघराची किंवा रजेची सोय त्यांनी करावी, असं गोड शब्दांत पण ठामपणे सांगावं.

त्या राखलेल्या दिवसाचं काय करायचं, याचं एक सुंदर उत्तर ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात मिळालं. फांगणे गावात जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून वर्गात बसल्या. अंगठ्याच्या जागी सही करावी, पोथी स्वतः वाचावी एवढीच त्यांची मागणी होती. ‘आता या वयात शिकून काय करणार?’ असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की पोथी ऐकणं आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचणं यांत किती अंतर असतं, ते त्या आज्यांनाच ठाऊक. शिकण्यातून पुढे काही कमाई व्हायलाच हवी, ही अट तरुणपणाची आहे. उतारवयात ती गळून पडते आणि शिक्षण पहिल्यांदा निखळ आनंदाचं होतं.

खेड्यातल्या वाचकांना यातलं काही शहरी वाटेल. शेतकरी निवृत्त होत नाही हे खरं. ऐंशीचा बाप्पाही बांधावर जातो. पण बहुतेक घरांत एक दिवस असा येतो, की व्यवहार मुलाच्या हाती जातो आणि म्हाताऱ्याला ‘तुम्ही आता गप बसा’ असं ऐकावं लागतं. अशा वेळी सबंध शेताचा हट्ट सोडून एक तुकडा, एक काम पूर्ण आपल्याकडे मागून घ्यावं. परसबाग, दोन शेरडं, जुन्या वाणांचं बी राखून ठेवणं. गावरान वाणाचं बी कधी काढायचं, राखेत कसं ठेवायचं हे ज्यांना ठाऊक आहे ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. ते ज्ञान पुढे देण्याइतकं गरजेचं काम गावात दुसरं क्वचितच असेल.

आता शरीराबद्दल. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्या लोकांनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. म्हणजे रोज अर्धा तास झपझप चालणं, इतकं की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. हे बहुतेकांना ठाऊक असतं. फार थोडे पाळतात तो भाग पुढचा आहे: आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. नुसत्या चालण्यानं मांड्यांची ताकद पुरेशी टिकत नाही, आणि ती गेली की कमोडवरून उठणं, एसटीची पायरी चढणं, जमिनीवरून उठणं हे सगळं एकेक करत सुटतं. हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. स्वयंपाकघरातल्या ओट्याला एक हात लावून एका पायावर दहा सेकंद उभे राहा, मग दुसऱ्या पायावर. भिंतीला हात टेकून जोर काढा. सुरुवातीला शेजारी कुणी असू द्या, आणि हृदयविकार, चक्कर किंवा सांध्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जेवणात डाळ, उसळ, दूध-दही, चालत असेल तर अंडी-मासे यांचं प्रमाण वाढवा. रात्री दूध-भातावर भागवण्याची सवय स्नायूंना परवडत नाही.

माणूस घरात बसतो त्यामागे पुष्कळदा आळस नसून लाज असते, आणि याबद्दल आपण उघड बोलत नाही. ऐकू कमी येतं म्हणून बैठकीला जाणं बंद होतं. दोनदा ‘काय म्हणालात?’ विचारलं की तिसऱ्यांदा माणूस नुसतं हसतो आणि चौथ्या वेळी घरीच राहतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ गटानं २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाशी जोडलेले चौदा टाळता येण्याजोगे घटक सांगितले. श्रवणदोष, एकटेपणा, हालचालीचा अभाव आणि उपचार न केलेला दृष्टिदोष हे सगळे त्यांत आहेत. चष्मा लागला तर आपण लपवत नाही. कानाचं यंत्रही लपवू नये. मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहण्याचे दिवस गेले. आणखी एक लाज लघवीची. घाई होते, थेंब निसटतात, म्हणून कितीतरी बायका आणि प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुष प्रवास, नाटक, देऊळ सगळं सोडतात. यावर औषधं आहेत, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि कामाची जागा निवडताना तिथं स्वच्छतागृह आहे का, हे आधी बघून या.

जोडीदार गेल्यानंतरचं वर्ष वेगळं असतं. त्या काळात ‘मन रमव’ असा उपदेश करणाऱ्यांपासून दूर राहिलात तरी चालेल. पण एक शब्द दिलेला दिवस चालू ठेवा, तिथं जाऊन नुसतं बसावं लागलं तरी. पुरुषांनी वरण-भात, पोहे, एक भाजी एवढा स्वयंपाक जोडीदार असतानाच शिकून घ्यावा; बायकांनी बँक, पेन्शन आणि वीजबिलाचे व्यवहार. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो वयाचा भाग समजू नका. ते आजारपण असतं आणि बरं होतं. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, आणि ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

पैशांचं थोडक्यात सांगते. नवं काहीतरी करण्याच्या उत्साहात फंडाची रक्कम धंद्यात किंवा कुणाच्या संस्थेत घालू नका. वेळ द्या, अनुभव द्या. पैसा द्यायचाच तर महिन्याच्या खर्चातून उरलेला द्या. जी संस्था पहिल्याच भेटीत देणगीचा विषय काढते तिथं तुमची नाही, तुमच्या पासबुकाची वाट पाहिली जात असते.

उरला प्रश्न सुरुवात कशी करायची याचा. वाचनालयात, शाळेत किंवा दवाखान्यात जाऊन ‘काही सेवा असेल तर सांगा’ असं म्हणू नका. तिथली माणसं कामात असतात. तुमच्यासाठी काम शोधणं हे त्यांना नवंच काम होऊन बसतं. ‘सांगू हं’ म्हणतात आणि विसरतात. त्याऐवजी आधी दोन-तीनदा नुसते जाऊन बसा आणि काय अडतंय ते बघा. वाचनालयात परत आलेली पुस्तकं टेबलावर साचतात का? शाळेत चौथीतली चार मुलं अजून अडखळत वाचतात का? दवाखान्यात खेड्यातून आलेल्यांना केसपेपर कुठं काढायचा हे कळत नाही का? मग जाऊन सांगा, ‘दर बुधवारी दहा ते बारा मी येईन. परत आलेली पुस्तकं क्रमानं लावून देईन. तीन महिने करून बघू.’ तीन महिन्यांची मुदत दोन्ही बाजूंना सोयीची असते. जमलं नाही तर कुणाचं मन न दुखावता थांबता येतं. पहिले तीन-चार बुधवार कदाचित कुणी लक्षही देणार नाही, चहाही विचारणार नाहीत. तरी जात राहा. गावाला जाणार असाल तर आदल्या बुधवारी सांगून जा, म्हणजे त्या दिवशीच्या पुस्तकांची सोय त्यांना लावता येईल.